सतरावा देहदाता

१

गुरुवारी सकाळी जुन्या इमारतीतून नव्या संकुलाकडे देह हलवायला सुरुवात झाली, आणि अकराच्या सुमारास एक देह कमी भरला.

शरीररचनाशास्त्र विभागाच्या तळघरातले फॉर्मॅलिनचे कुंड एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तळापर्यंत उपसले जात होते. बसवकल्याणच्या बाहेर, लाल जांभ्याच्या उजाड माळावर, विद्यापीठाने आरोग्यविज्ञान आणि निसर्गविज्ञान या दोन्ही शाखांसाठी काचेची पाचमजली वास्तू उभी केली होती. तिथली शीतकपाटे, हवा खेचून घेणारी टेबले, अजून वेष्टनात असलेले सूक्ष्मदर्शक, सारे या मृतांची वाट पाहत होते. नोंदवहीप्रमाणे देहदाते सात होते. कुंडातून निघाले सहा.

डॉ. भार्गवी काठाशी उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते; ते निदान अजून तरी फॉर्मॅलिनमुळेच होते. नसलेला देह क्रमांक सतराचा होता, आणि ते सिद्धलिंगप्पा गुरुजी होते.

हुलसूरच्या गुरुजींनी चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकून भार्गवीला पहिल्यांदा निळाजांभळा रंग दाखवला तो त्यांनीच. देहदानाचा अर्ज भरताना ते म्हणाले होते, "एक तास राह्यलाय माझा. तो मेल्यावर घेतो." गेल्या डिसेंबरात ते गेले. नव्या शवविच्छेदन सभागृहाला त्यांचेच नाव द्यायचे ठरले होते. पाटी तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती.

"हा बघा बिल्ला." विभागप्रमुख डॉ. प्रणेश यांनी कुंडामागच्या खिळ्यावरून ॲल्युमिनियमची पट्टी उचलली. तिच्यावर सतराचा आकडा ठोकलेला होता. "पायातून काढून इथे अडकवलाय. म्हणजे देह सावकाश बाहेर काढलेला आहे, घाईत नाही. तळघराच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक याच्याकडे."

'याच्याकडे' म्हणजे बंडेप्पाकडे. आलेला देह उतरवून घेणे, धुणे, द्रावण टोचताना मदत करणे, घोट्याला बिल्ला बांधून कुंडात सोडणे हे सारे एकतीस वर्षे करणारा विभागाचा परिचर. भार्गवी विद्यार्थिनी असताना तिचा हात धरून पहिला छेद सरळ ठेवायला त्यानेच शिकवले होते. तो आता ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता.

भार्गवीने बिल्ला हातात घेतला. त्याच्या सुती दोरीची दोन टोके मोकळी लोंबत होती. दोरी पांढरी होती, मऊ होती. तिने ती बोटाभोवती गुंडाळून पाहिली आणि बिल्ला ॲप्रनच्या खिशात टाकला.

जिन्यावर पावले वाजली. गुरुजींचा मुलगा अमरेश याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझे अप्पा कुठं आहेत, बंडेप्पा?"

बंडेप्पाने मान वर केली. त्याने सरळ अमरेशकडे पाहिले.

"मला इचारायलाव व्हय, सर?"

"मग कुणाला विचारू? खासगी कॉलेजांना देह विकले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. लेखी तक्रार करतोय मी."

दुपारी अधिष्ठाता डॉ. विभा यांच्या दालनात निर्णय झाला. सोमवारी तीन वाजता बंडेप्पाविरुद्ध देहविक्रीची फिर्याद पोलीस ठाण्यात जाणार होती. तोवर चौकशी करण्याची परवानगी भार्गवीने मागितली.

"तीन दिवसांत काय शोधणार तू?" विभाबाईंनी विचारले.

"तो माणूस देह विकणार नाही, बाई."

"मग देह गेला कुठे? त्याचं उत्तर आण. नाहीतर सोमवारी त्याला बेड्या पडतील, आणि मी त्या थांबवू शकणार नाही."

२

बंडेप्पा जुन्या इमारतीच्या मागच्या पायरीवर बसून रबरी हातमोजे उन्हात वाळवत होता. माळावरच्या वाऱ्याने त्या दहा-वीस पोकळ पंजांत हवा भरत होती आणि ते सावकाश हलत होते.

"अण्णा, गुरुजी कुठं आहेत?"

"नोंदवहीत लिवलंय तेच."

"नोंदवही म्हणते, कुंडात आहेत."

"मग मी येगळं काय सांगू, भार्गवीबाई?"

"तुम्ही विकलं म्हणतात सगळे."

तो हसला. "इकायचंच असतं तर एकतीस वर्सं थांबलो असतो व्हय? पयल्या वर्सीच माडी बांधली असती. पत्र्याच्या घरात कामून ऱ्हायलो असतो?"

"चेष्टा नको. सोमवारी पोलीस येणार आहेत."

"येऊ द्या." त्याने एक मोजा उलटा केला. मग आवाज उतरला. "तुरुंगाचं भ्या न्हाई मला. पर बंडेप्पा मढी इकतो, असं एकदा झालं की ह्या दहा गावांतलं कुनी देह देनार न्हाई. मला बघून देत्यात लोकं. बंडेप्पा हाय, नीट ठिवंल, म्हनत्यात. तेवढं एकच कमावलंय मी."

"मग सांगा ना काय झालं ते."

उत्तराऐवजी त्याने शेजारच्या पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. "ही तेवढी जपून ठिवा. नव्या इमारतीत कुनी फेकून देतील."

ही वही सरकारी नव्हती. देहावरून जे जे उतरते, अंगठी, जानवे, ताईत, काळी पोत, ते नातेवाइकांना परत करून बंडेप्पा इथे सही किंवा अंगठा घेत असे. त्याला हे करायला कोणी सांगितले नव्हते. भार्गवीने पाने उलटली. क्रमांक सोळा: एक ताईत, मुलाने नेला. क्रमांक अठरा: इष्टलिंग, चांदीच्या डबीसह, मुलीने नेले, खाली जांभळा अंगठा. या दोहोंच्या मध्ये क्रमांक सतरा. नाव लिहिलेले होते. त्यापुढे पान कोरे होते.

"गुरुजींच्या पुढे काहीच नाही, अण्णा?"

"काय उतरवलं न्हाई, म्हून लिवलं न्हाई."

वाऱ्याने एक मोजा उडून पायरीखाली पडला. दोघांपैकी कोणीच तो उचलला नाही. गुरुजी बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायत घरातले. टेबलावर वाकून परीक्षानळी दाखवताना त्यांच्या सदऱ्यातून इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर येऊन झुलायची आणि मागच्या बाकावरच्या पोरी हसायच्या. ती डबी गळ्यात नसलेले गुरुजी कुणी पाहिलेच नव्हते.

"डबी नव्हती गळ्यात?"

बंडेप्पाने नजर माळाकडे वळवली.

"लिहायचं होतं मग काहीतरी," ती हळूच म्हणाली. "मुलाने नेली, एवढं लिहिलं असतं तरी कुणाला शंका आली नसती."

"ह्या वहीत खोटं न्हाई लिवत मी," बंडेप्पा म्हणाला.

भार्गवी वही मिटायला गेली आणि तिचा हात जागीच थांबला. त्याच्याकडे वह्या दोन होत्या: ही, आणि देह आल्याची नोंद होते ती विभागाची. दुसरीबद्दल तो काहीच बोलला नव्हता.

३

नव्या संकुलातल्या प्रणेशांच्या खोलीत खुर्च्यांवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. बसताना ते कुरकुरले. खिडकीतून माळ दिसत होता, त्यावर उपटून टाकलेली झुडपे आणि त्यांच्या वाळत चाललेल्या मुळ्या.

"मला विचारायला आलीस?" प्रणेशांनी चष्मा पुसला. "विचार. गेल्या वर्षी मी एका होमिओपॅथी कॉलेजला महिनाभर देह दिला होता, ते तुझ्या कानावर आलंच असेल. त्याचं पत्र आहे, परत आल्याची पोच आहे. तो क्रमांक बाराचा. आज सकाळी तू स्वतःच मोजलास."

"ते नाही विचारत, सर. गुरुजींचा देह आला तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"अर्थात. चार डिसेंबर, संध्याकाळी पावणेसात. माझ्या देखरेखीखाली द्रावण टोचलं. नोंदवहीत सही आहे माझी."

"गळ्यात इष्टलिंग होतं?"

"होतं ना." उत्तर फार लवकर आले. "बंडेप्पाने काढून मुलाच्या हातात दिलं. माझ्यासमोर."

 मृतांविषयी खोटे बोलताना माणसांचे डोळे कधी चुकत नाहीत, चुकतात हात. प्रणेशांचा हात काचेवर गोल गोल फिरत होता, पुसलेलीच काच पुसत होता.

"सर, चार डिसेंबरला तुम्ही कलबुर्गीला परीक्षक होतात. त्या दिवशीचे तुमचे दोन्ही तास मी घेतले. चौथ्या तासाला हृदय, पाचव्या तासाला फुप्फुसं."

चष्मा टेबलावर राहिला. तो नसलेला प्रणेशांचा चेहरा एकाएकी म्हातारा आणि उघडा दिसला.

"दुसऱ्या दिवशी येऊन सही केली," ते म्हणाले. "सगळीकडे अशीच होते. बंडेप्पा होता, म्हटल्यावर बघायचं काय? आणि आता हे बाहेर आलं तर मान्यता रद्द होईल, माझं प्रमुखपद जाईल. त्याने विकला असं ठरलं, तर निदान..."

"निदान तुमची सही खरी ठरते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे गुरुजींना या विभागात बंडेप्पाखेरीज कुणीच पाहिलं नाही?"

"विभागात नाही. पण शववाहिका घेऊन बंडेप्पा हुलसूरला गेला होता, तोच चालवतो ती. मागे गुरुजींची बायको आणि मुलगा होते. साडेचारला निघाले ते, गाडीच्या नोंदीत आहे."

भार्गवीने मनातल्या मनात रस्ता मोजला. हुलसूरहून इथे यायला फार तर तासभर. पावणेसातला पोचलेल्या गाडीचा उरलेला वेळ कुठे गेला होता?

४

शनिवारी ती हुलसूरला गेली. ईरम्मा अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पाय दुमडलेले, पंच्याहत्तरीची पाठ ताठ. अमरेश सुट्टीसाठी घरीच होता. भार्गवीला पाहून तो दारातच थबकला.

"अगं बाई, भार्गवी! ये की," ईरम्मा म्हणाल्या. "ह्यांच्या वर्गातली न्हवं तू? बारीक झालीस. मढ्यात काम करून करून भूक मेली का काय तुझी?"

"नाही अव्वा, भूक आहे."

"मग खा. अमरेश, धपाटी आन रे आत्नं." सुपातले खडे वेचता वेचता त्यांनी सहज विचारले, "बंडेप्पा बरा हाय का? लई दीस झालं आला न्हाई."

भार्गवीने तोंड उघडले, पण अमरेशच आधी बोलला. "बरा आहे, अव्वा."

भार्गवीने त्याच्याकडे पाहिले. त्याने पाहिले नाही. या घरात अजून काहीच कळलेले नव्हते, आणि ते तसेच राहावे म्हणून तो दोन दिवस इथे पहारा देत बसला होता.

तो धपाटी आणायला आत वळताच भार्गवीने देवळीकडे बोट केले. तिथे बसवण्णांची तसबीर होती, विभूतीचा गोळा होता, समई होती. "गुरुजींची डबी पूजेत दिसत नाही, अव्वा?"

"ती कशाला असंल हितं? ज्याची त्याच्यापाशी." एवढे बोलून ईरम्मांचे बोट सुपात थांबले. त्यांनी पदर कानावरून पुढे ओढला. "म्हंजे... न्हेली असंल कुनी. मला म्हातारीला काय याद ऱ्हातंय."

अमरेश बाहेर आला. आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ताट खाली ठेवले. "चला मॅडम, शेतात अप्पांच्या नावाने झाड लावलंय, ते दाखवतो."

शेत बसवकल्याणच्या रस्त्याला लागूनच होते. काळ्या मातीत तुरीला शेंगा धरल्या होत्या, बांधावर पेरूची झाडे हिरवीगार उभी होती. त्यांच्या पलीकडे तीन फूट लांब आणि तितकाच रुंद दगडी चौथरा होता. त्याच्या मधोमध कमरेइतके बेलाचे रोप लावलेले होते. त्याचे प्रत्येक त्रिदळ कडेने करपले होते, जणू कोणी पानांच्या काठावरून निखारा फिरवला होता.

"पाणी कमी पडलं," वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणाला.

भार्गवीने वाकून माती चाचपली. ती गार होती, ओली होती. वरच्या थराला जिथे ऊन लागत होते तिथे पांढरट पापुद्रा धरला होता. दहा पावलांवरच्या पेरूला हेच पाणी मिळत होते आणि त्याचे एकही पान करपलेले नव्हते.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. अमरेशने मान वळवली तेवढ्यात तिने मातीचे बोट जिभेला लावले.

माती खारट होती.

५

रविवारी संकुल निर्जन होते. दुसऱ्या मजल्यावर वनस्पतिसंग्रहाच्या खोलीत अमरेश वाळवलेल्या पानांचे कागद कपाटात लावत होता. भार्गवीने बिल्ला आणि निळी वही टेबलावर ठेवली.

"देह कुंडातून चोरला असता, तर हा बिल्ला घोट्यावरून काढलेला असता," ती म्हणाली. "फॉर्मॅलिनमध्ये महिनाभर राहिलेली दोरी पिवळी पडते, तारेसारखी कडक होते. ती सोडता येत नाही, कापावी लागते. ही दोरी पांढरी आहे, मऊ आहे, आणि दोन्ही टोकं शाबूत. ती कधी बांधलीच गेली नाही."

अमरेशने हातातला कागद खाली ठेवला नाही.

"या वहीत बंडेप्पाअण्णा खोटं लिहीत नाहीत. देह आल्याची खोटी नोंद त्यांनी विभागाच्या वहीत केली. डबी परत दिल्याची खोटी नोंद इथे त्यांना करवली नाही. डबी त्यांनी उतरवलीच नव्हती. ती कुठे आहे हे अव्वांच्या तोंडून निघून गेलं. ज्याची त्याच्यापाशी."

"अव्वा वयस्कर आहे. काहीही बोलते."

"आणि बेल? पाण्याअभावी रोप आधी मान टाकतं. पानांच्या कडा अशा करपतात त्या क्षाराने, हे तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवता. ते तुम्हाला दिसलं नसेल असं मी मानत नाही. शेजारी पेरू हिरवा आहे. म्हणजे मीठ फक्त चौथऱ्याखाली आहे, आणि भरपूर आहे. तुमच्यात समाधी देताना मीठ आणि विभूती घालतात, हे मला बंडेप्पाअण्णांनीच सांगितलं होतं."

खोलीत वाळलेल्या पानांचा कडवट वास होता.

"तरी कुणी म्हणेल, कुंडातून काढून मागाहून पुरला," भार्गवी पुढे म्हणाली. "पण चौथरा तीन फुटी चौरस आहे. तिथे माणूस झोपत नाही, बसतो. तुम्ही मांडी घालून बसवता. आणि द्रावण एकदा शिरांत गेलं की देह जसा निजवला तसाच ताठ राहतो. गुडघा मोडता मोडत नाही. गुरुजींना बसवलं ते द्रावण टोचण्याआधी. म्हणजे ते आमच्या दारापर्यंत आलेच नाहीत. गाडी शेताशी वळली, आणि पावणेसातला रिकामी गाडी इथे पोचली."

अमरेश खाली बसला. तो बोलू लागला तेव्हा त्याची प्राध्यापकी भाषा गळून गेली होती.

"खड्डा पेरूसाठी घेतलेला होता. गाडी शेताजवळ आली आन अव्वा उठून उभी ऱ्हायली चालत्या गाडीत. म्हनली, ह्यांना औषधाच्या पान्यात बुडवायलाव, त्यापेक्षा मला ढकला. बंडेप्पा न्हाई न्हाई म्हनत होता. म्हनला, गुरुजींचा शब्द हाय. तवा अव्वा त्याच्या पाया पडली. गुरुजींची बायको. त्यानं गाडी वळवली. मीठ गावातनं मी आणलं, डबी अप्पांच्या डाव्या तळहातावर मी ठिवली."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. नातेवाइकांनी नको म्हटलं तर कायदा जबरदस्ती करत नाही."

"दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला होता. बाप देहदानी, मुलगा त्याच संस्थेत. कुलगुरूंनी सत्कार केला. सभागृहाला नाव देतो म्हनले. रोज एक दीस गेला आन रोज ते सांगणं अवघड झालं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "एखादा बेवारस देह आला की त्याला सतराचा बिल्ला बांधायचा, असं ठरलं होतं. वर्षभरात एकही आला न्हाई. आन मग हे स्थलांतर."

"आणि तुम्ही त्यांच्यावरच तक्रार केलीत."

"मुलगा गप्प कामून, असं पहिल्या तासाला विचारलं असतं लोकांनी."

"ते बोलले असते तर?"

"त्यानं अव्वाला शब्द दिलाय. तो बोलणार न्हाई, माहीत होतं मला." अमरेशने वर पाहिले. "मॅडम, उद्या तुम्ही हे सांगितलं तर समाधी उकरायला येतील. अव्वा ते बघून जगणार न्हाई. बंडेप्पाला मी चांगला वकील देतो. वर्षा-दोन वर्षांत सुटंल."

काचेबाहेर माळावर ऊन तापले होते. भार्गवीला वाटले, इतके थंड वाक्य तिने शीतगृहातही ऐकले नव्हते. आणि ते बोलणारा माणूस दुष्ट नव्हता, नुसता रोज थोडा थोडा ताठ होत गेलेला होता.

"हे अव्वांना विचारलंत?" तिने विचारले.

त्याने नजर हातातल्या कागदाकडे वळवली. तिने बिल्ला उचलला, वही उचलली आणि हुलसूरची बस धरली.

६

सोमवारी अडीच वाजता अधिष्ठातांच्या दालनाबाहेर बंडेप्पा स्वच्छ धोतर नेसून बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी होती. तिच्यात एक चादर आणि रक्तदाबाच्या गोळ्या. पोलीस ठाण्यात लागेल ते त्याने आणले होते.

आत डॉ. विभा, प्रणेश आणि अमरेश. भार्गवीचा अहवाल टेबलावर उघडा होता, पण तो वाचण्याची वेळ आली नाही. दार ढकलून ईरम्मा आत आल्या. त्यांनी वळून बंडेप्पालाही दंडाला धरून आत घेतले.

"खुर्ची घ्या, अव्वा," विभाबाई उठल्या.

"नगं. उभ्यानंच सांगते." आणि त्यांनी सांगितले, गाडी, शेत, मीठ, पाया पडणे, सगळे, एकाही शब्दाला मुरड न घालता. शेवटी म्हणाल्या, "चोरी झाली असंल तर ती मी केली. नवऱ्याला घरच्या जमिनीत बसवलं. ह्या मानसानं माझ्यापायी खोटं लिवलं. आन मला काल संध्याकाळपतोर कळू दिलं न्हाई, का तुमी त्याला चोर म्हनायलाव."

अमरेशने मान खाली घातली.

"अक्का, कशाला आलाव तुमी," बंडेप्पा पुटपुटला. "मी सोसलं असतं की."

"सोसतोस लई! गप बस."

विभाबाईंनी अहवाल वाचला. समाधीला कोणी हात लावणार नाही, असे त्यांनी आधी सांगितले, मग बाकीचे. देहविक्रीची फिर्याद जाणार नव्हती. भार्गवीच्या निष्कर्षाची प्रत, शिक्क्यासह, सूचनाफलकावर लागणार होती. न पाहता सही करणाऱ्या प्रणेशांचे प्रमुखपद गेले. अमरेशची खोटी तक्रार कुलगुरूंकडे जाणार होती. पाटी भिंतीवर चढणार नव्हती. आणि खोट्या नोंदीबद्दल बंडेप्पा त्याच क्षणापासून निलंबित झाला. निवृत्तीला चार महिने राहिले होते. तळघराची किल्ली त्याने टेबलावर ठेवली तेव्हा ती इतकी हलकी वाजली की भार्गवीला खिडकीकडे बघावे लागले.

"चोर न्हाई ना म्हनत आता?" त्याने तिला विचारले.

"नाही, अण्णा."

"मग झालं."

कागद गोळा होऊ लागले, पण ईरम्मा जागच्या हलल्या नाहीत. "तो देहाचा कागद असतोय न्हवं? एक द्या मला."

"अव्वा, असं नका करू," भार्गवी म्हणाली. "तुम्हाला नको होतं ना हे? दंड म्हणून द्यायची गोष्ट नाही ही."

"दंड कुठं? त्यांचा एक तास राह्यलाय. पोरं वाट बघत असतील." त्यांनी टेबलाची कड धरली. "भ्या वाटतंय मला त्या पान्याचं. अजूनबी वाटतंय. पर त्यांनी शब्द दिल्ता आन मी मोडला. एकाच्या जागी एक." मग आवाज थोडा खाली आला. "तिथं निजवत्यात न्हवं? बसवत न्हाईत?"

"निजवतात. पाय लांब करून."

"बरं हाय की. चुलीम्होरं बसून बसून गुडघं गेलं माझं."

 बंडेप्पाने तोंडाला धोतराचा सोगा लावला होता. विभाबाईंनी अर्ज काढून दिला. ईरम्मांनी नाव लिहिले, गुरुजींनीच कधीतरी गिरवून घेतलेल्या गोल, मोठ्या अक्षरांत, आणि मग कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. साक्षीदाराच्या रकान्यात जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती.

अमरेशने पेन उचलले. त्याचा हात कागदावर पोचेना.

"कर सही," ईरम्मा म्हणाल्या. "आन ह्या बारीला गाडी मधी कुठं वळवू नगंस."